ठिपके मिसळत नाहीत

बिंदुवाद, म्हणजे सुट्या रंगठिपक्यांनी चित्र घडवण्याची पद्धत, शिकवताना एक वाक्य हमखास कानावर येतं: निळा आणि पिवळा ठिपका शेजारी द्या, लांबून हिरवा दिसेल. मी रंगशास्त्र शिकवतो आणि या वाक्याशी माझं कायमचं भांडण आहे. पॅलेटवर कालवलेला निळा-पिवळा हिरवा होतो, हे खरं. पण सुटे ठिपके नजरेत एकत्र येतात तेव्हा त्यांच्या प्रकाशाची सरासरी निघते. अल्ट्रामरीन आणि क्रोम यलोच्या ठिपक्यांपासून पुरेसं लांब गेलं, की हाती करडेपणाच येतो.

बिंदुवादी चित्रकार पॉल सिन्याकची बंदरचित्रं या करडेपणातून सुटण्याची धडपड आहेत. 1891 मध्ये त्याचा चित्रकार मित्र सरा अवघ्या 31 व्या वर्षी गेला. पुढच्याच वर्षी सिन्याक आपली शिडाची होडी घेऊन भूमध्य समुद्रावरच्या सेंट-त्रोपेला पोचला. तेव्हा ते मासेमारीचं लहानसं बंदर होतं. त्या वर्षीच्या सूर्यास्ताच्या चित्रात ठिपके बारीक, एकसारखे आहेत. 1901-02 मधलं ‘सेंट-त्रोपेचं बंदर’ पाहा. आज ते टोकियोच्या पाश्चात्त्य कला संग्रहालयात आहे. सुमारे 131 बाय 161 सेंटिमीटरच्या या कॅनव्हासवर ठिपका जवळजवळ उरलेलाच नाही. मोझेइकच्या तुकड्यांसारखे रुंद, चौकोनी फटकारे आहेत. ते नजरेत विरघळत नाहीत. विरघळू नयेत, अशीच त्यांची योजना आहे.

मग या चित्रातलं पाणी हलतं कशामुळे? याचं उत्तर धाग्यांच्या रंगाईबद्दलच्या एका तक्रारीत सापडतं. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांच्याकडे तक्रार आली, की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं; रंगात खोट नव्हती. शेजारचे निळे-जांभळे धागे त्या काळ्याला मारत होते. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हा सिद्धान्त त्यांनी 1839 च्या ग्रंथात मांडला. नारिंगी शिडाखालची निळी सावली पेटते ती त्यामुळे. दोन रंग मिसळले असते, तर दोघंही विझले असते.

सिन्याक स्वतः उत्तम दर्यावर्दी होता, हे मला फार मोलाचं वाटतं. त्रिकोणी शीड वाऱ्यात कुठे फुगतं, डोलकाठीचा ताण कुठे जातो, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. धक्क्यावर बसून तो जलरंगात टिपणं करी. मोठं चित्र मात्र स्टुडिओत, सावकाश घडे. उत्स्फूर्ततेचं कौतुक करणाऱ्यांना हे थंड वाटतं. मला त्यात रंगावरचा अढळ विश्वास दिसतो.

हा विश्वास पुढे झिरपला. 1904 च्या उन्हाळ्यात चित्रकार मातीस सेंट-त्रोपेला सिन्याकच्या सहवासात होता. त्या उन्हाळ्यातून जन्मलेलं त्याचं मोठं ठिपक्यांचं चित्र सिन्याकनेच विकत घेतलं. पुढच्या वर्षी मातीस कोलियूर या दुसऱ्या भूमध्य बंदरावर गेला. तिथे त्याने ठिपके टाकून दिले, पण शुद्ध रंगाला शुद्ध रंग भिडवणं सोडलं नाही.