कसब्यातला मोकळा दिवस

समजा तुम्ही परगावी आहात, अख्खा दिवस मोकळा आहे, बरोबर कुणी नाही आणि परतीची गाडी संध्याकाळी सहाची आहे. काय कराल?

परवा माझ्यावर अशीच वेळ आली. साताऱ्याहून पहाटेची एस.टी. पकडून मी पुण्याला आले. काम होतं ते अर्ध्या तासात उरकलं. आता? स्वारगेटच्या स्टँडवर शेंगा खात बसायचं? एकटीनं कुठं भटकायचं, असं मनात आलंच. तेवढ्यात समोर मेट्रोची पाटी दिसली. हा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. स्वारगेट, मंडई आणि तिसरं नाव – कसबा पेठ. ठरलं! पुण्याच्या सगळ्यात जुन्या वस्तीत सगळ्यात नव्या गाडीनं जायचं.

'कसबा' हा शब्द मूळचा अरबी. परगण्याच्या मुख्य गावाला कसबा म्हणत. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा मागाहून वसल्या. त्याआधी पुणं म्हणजे कसबाच. आणि पुण्याचं नाव किती जुनं? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे इ.स. ७५८ आणि ७६८ चे ताम्रपट सापडले आहेत. त्यांत 'पुण्यविषय' आणि 'पुनकविषय' अशी नावं आहेत. विषय म्हणजे जिल्ह्यासारखा प्रदेश बरं का, शाळेतला विषय नव्हे! आणि ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं दानपत्र. हे तांबं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आधी गेले कसबा गणपतीला. हे पुण्याचं ग्रामदैवत. जिजाबाईंनी हे देऊळ बांधवलं, असं सांगतात. शेंदरानं माखलेली मूर्ती आणि लाकडी खांबांचा सभामंडप. बाहेर कितीही गोंगाट असो, आत पाऊल टाकलं की गार वाटतं. घरात लग्न निघालं की पहिली पत्रिका इथं ठेवायची, ही पुणेकरांची रीत. विसर्जनाच्या मिरवणुकीतही पहिला मान याच गणपतीचा.

तिथून लाल महाल अगदी जवळ. लहानग्या शिवबाचे दिवस इथं गेले. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी मोजक्या माणसांनिशी शिरून शाहिस्तेखानाची बोटं छाटली, तीही इथंच. पण आज दिसते ती इमारत जुनी नाही. मूळ वाडा कधीच पडून गेला. आताचा लाल महाल पुणे महानगरपालिकेनं बांधला आणि तो १९८८ साली पुरा झाला. म्हणजे इमारत गेली, तरी नाव मागं राहिलं.

हे 'नाव मागं राहिलं' माझ्या डोक्यात घोळायला लागलं, आणि मी पाट्या वाचत चालू लागले. कागदीपुरा! इथं हातानं कागद बनवणाऱ्या कागदी लोकांची वस्ती होती. शिंपी आळी म्हणजे शिंप्यांची. कुंभारवेस म्हणजे कुंभारवाड्याजवळची गावाची वेस, गावात शिरायचा दरवाजा. दरवाजा गेला, नाव आहे. कागदीपुऱ्यात दोघा-तिघांना विचारलं, "इथं कागद कुठं बनतो हो?" एक आजोबा हसले. म्हणाले, "बाई, कागद हवा असेल तर कोपऱ्यावर झेरॉक्सचं दुकान आहे!"

अशी नावं काही आपल्याकडेच नाहीत. व्हिएतनामची राजधानी हनोई घ्या. तिथल्या जुन्या भागाला 'छत्तीस रस्ते' म्हणतात. कितीतरी रस्त्यांच्या नावात आधी 'हांग' येतं. हांग म्हणजे विकायचा माल. हांग बाक हा चांदीचा रस्ता, हांग डोंग हा तांब्या-पितळेचा. जगभरातले एकटे प्रवासी तिथं दिवसदिवस पायी भटकतात. आपली तांबट आळी मात्र आपल्यातल्या कितीजणांनी पाहिली आहे?

ती शोधायला पत्ता लागत नाही. कान लागतात! ठक् ठक् ठक् ठक्... आवाजाच्या दिशेनं चालत राहायचं. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे कारागीर. पेशवाईत ही मंडळी इथं स्थिरावली.

एका कारखान्याच्या दारात उभी राहिले. पांढऱ्या मिश्यांचे एक काका जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर घागर अडकवून ठोकत होते. "बघू का काका?" मी ओरडून विचारलं. हळू बोलून उपयोगच नव्हता. "या की, बसा!" तेही ओरडूनच म्हणाले.

गंमत ऐका. तांबं ठोकत गेलं की ते कडक होतं. फार ठोकलं तर चिरतं. म्हणून मध्येच ते भट्टीत तापवायचं, की पुन्हा मऊ. ठोका, तापवा, पुन्हा ठोका! शेवटी गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं एकाला एक लागून ठोके पाडत जायचं. याला म्हणतात मठारकाम. त्यानं भांडं मजबूत होतं आणि प्रत्येक ठोक्याच्या खळगीत उजेड चमकतो. काकांनी ठोके देताना एकदाही मोजलं नाही. तरी ओळ वाकडी गेली नाही.

ते ठोके पाहिले आणि मला एकदम आजीचा बंब आठवला. आमच्या न्हाणीघरात होता, पाणी तापवायचा, तांब्याचा. त्याच्या पोटावर असेच ठोके होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत बसायची. पुढं घरात गीझर आला आणि बंब मोडीत गेला. किलोच्या भावानं! आजी त्या दिवशी काहीच बोलली नाही. फक्त दुपारी जेवली नाही.

काकांना हे सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "तांबं कुठं जात नाही हो ताई. वितळतं आणि पुन्हा भांडं होतं. ठोकणारा हात मात्र मोडीतून परत मिळत नाही."

त्यांचा मुलगा दुसरी नोकरी करतो. "कान शाबूत राहतील त्याचे," असं म्हणून काका हसले. हल्ली बंब, घंगाळी मागणारे थोडे. पाण्याचे लोटे, दिवे, शोभेची भांडी मागणारी गिऱ्हाइकं येतात. त्यावर काही घरं अजून तग धरून आहेत. मला एकच भीती वाटली. उद्या ही ठकठक थांबली, तर तांबट आळीचंही कागदीपुऱ्यासारखं होईल का? पाटी राहील, आणि विचारणाऱ्याला कुणी म्हणेल, "भांडी हवीत? मॉलमध्ये जा!"

मी एक छोटा लोटा घेतला. काकांनी बजावलं, "यात पाणी ठेवा. ताक नाही हं, आंबट कळकतं!" आतून कल्हई केलेली नसेल, तर तांब्यात आंबट ठेवू नये, हे आजीही सांगायची.

शेवटी कुंभारवाडा. पणत्या, सुगडं, आणि दिवाळीत तुमच्या किल्ल्यावर पहारा देणारे मावळे! वेळ थोडा होता, नाहीतर अख्खी पलटण घेतली असती.

सहाच्या एस.टी.त बसले तेव्हा लक्षात आलं, दिवसभर मी एकटी नव्हतेच. बरोबर कुणी असतं, तर आम्ही आपापसातच बोललो असतो. एकटी होते, म्हणून दहा अनोळखी माणसांशी बोलले.

तुम्हीही करून बघा. घरी सांगून निघा, लहान असाल तर मोठं कुणी बरोबर घ्या. कुणाच्या कारखान्यात विचारल्याशिवाय शिरू नका. वही-पेन्सिल घ्या आणि तुमच्या गावातल्या आळ्यांची नावं लिहून काढा. प्रत्येक नावापुढं एक प्रश्न लिहा : हे काम इथं अजून चालतं का? 'हो' असं उत्तर आलं, तर तिथं जरा वेळ थांबा आणि नीट बघून घ्या.

आणि हो, घरात माळ्यावर एखादं ठोक्याठोक्यांचं जुनं भांडं पडलं असेल, तर ते मोडीत जाण्याआधी त्यावरून एकदा बोट फिरवा. मग आजीला विचारा, हे कुठून आणलं होतं?