मायची खाट

मंडळी, बैल घ्यायचा असला की आपण किती पाहतो! दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो, मग पैसे मोजतो. पण घरात माणूस अंथरुणाला खिळले आणि त्याच्यासाठी खाट आणायची वेळ आली, तर दुकानदार दाखवील ती टेम्पोत घालून आणतो. मी तसेच केले. त्याचे भोग माझ्या मायने भोगले, म्हणून आज तुमच्याशी हे बोलतो आहे.

आमचे गाव अमळनेर तालुक्यातले. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे आमचा राबता. तीन वर्षांपूर्वी ऐन कापूस वेचणीत मायला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. धुळ्याला पंधरा दिवस काढून तिला घरी आणले. डॉक्टर म्हणाले, "औषधे चालू ठेवा, पण यापुढचे खरे काम घरच्यांचे."

माय आपल्या बाजेवरच निजणार म्हणून हटून बसली. "मनी बाज बरी," एवढेच म्हणायची. लोखंडी खाट म्हणजे दवाखाना, आणि दवाखान्यातून आमचे बाबा परत आले नव्हते. मला तिचे मन मोडवेना. पण बाजेची वीण मधोमध झोळीसारखी खाली गेलेली. माय त्या खड्ड्यात रुतायची, कूस बदलता यायची नाही. बाज बुटकी, म्हणून माझी बायको दिवसातून दहा वेळा कमरेत वाकायची. बाराव्या दिवशी तिनेच मला बोलावून दाखवले. मायच्या माकडहाडापाशी रुपयाएवढी कातडी काळीनिळी पडली होती.

मी घाबरून शहरात गेलो आणि चकचकीत रंगाची खाट घेऊन आलो. दार अरुंद, म्हणून खाटेचे पाय काढून ती आत न्यावी लागली. ती ठेवली बैठकीच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटवून. चार लोकांनी वाहवा केली. पण जखम बरी व्हायच्या ऐवजी चिघळली.

मग जळगावहून माझी मावसबहीण आली. ती परिचारिका आहे. खाटेकडे पाहून ती म्हणाली, "भाऊ, तू खाट पाहिली का तिचा रंग पाहिला?" मी खाली मान घातली.

खाटेला हँडल एकच होते, पाठ वर करण्याचे. पाठ वर केली की माय पायथ्याकडे घसरायची आणि तीच कातडी घासली जायची. दोन हँडलांची खाट असती, तर आधी गुडघ्यांखालचा भाग उचलून मग पाठ उचलता आली असती, म्हणजे माणूस घसरत नाही. या खाटेला दुकानदार 'फाउलर' म्हणतात. जॉर्ज फाउलर हे अमेरिकेतले शस्त्रवैद्य. रोग्याचे डोके आणि धड उंच ठेवण्याची रीत त्यांनी १९०० साली मांडली, त्यावरून हे नाव पडले. एक हँडल असेल तर 'सेमी-फाउलर', दोन असतील तर 'फुल फाउलर'. शब्द लक्षात ठेवा, दुकानात उपयोगी पडतात.

दुसरी चूक जागेची. मायची डावी बाजू चांगली, आणि मी तीच भिंतीकडे केली होती. चांगला हात-पाय मोकळ्या बाजूला हवा, तरच माणूस स्वतः धरून उठायला पाहते.

ती खाट मी निम्म्या किमतीत परत केली आणि दोन हँडलांची भाड्याने आणली. जळगाव-धुळ्यात रुग्णसाहित्याच्या काही दुकानांत अशा खाटा महिन्याच्या भाड्याने मिळतात. आधी महिनाभर वापरून पाहावी, मग विकत घ्यायचे ठरवावे. जाण्याआधी दाराची रुंदी सुतळीने मोजून न्या. घरातल्या एखाद्या जाड माणसाला खाटेवर निजवून हँडल फिरवून पाहा. रिकामी खाट सगळ्यांचीच हलकी चालते. चाकांचे ब्रेक लावून धक्का द्या. रोगी काठावर बसला की त्याची पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत. कठड्याच्या फटीत डोके अडकू नये. आणि रोगी धडपड्या असेल तर कठड्यावरून चढून तो आणखी उंचावरून पडतो, हेही ध्यानात ठेवा. विजेवर चालणारी खाट सोयीची खरी, पण तिला वीज नसतानाही हाताने चालवण्याची सोय आहे का, ते विचारा. वादळवाऱ्यात आपल्याकडची वीज किती वेळ जाते, ते तुम्हांला ठाऊकच आहे.

हवेच्या गादीचेही तसेच. तिचा पंप विजेवर चालतो, म्हणून खाली नेहमीची गादी असू द्यावी. वर जाड गोधडी घालू नये, एकच पातळ सुती चादर पुरे. मायची गोधडी आम्ही पांघरायला दिली. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा रेक्झीनवर घाम साचतो. चादर ओली झाली की लगेच बदलावी.

पण मंडळी, गादी कितीही भारी आणा, कूस बदलायची ती बदलावीच लागते. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. टाचांखाली पोकळी राहील अशी पोटरीखाली उशी द्यावी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हात लावून पाहावे. जागा गरम किंवा कडक लागली तर तिच्यावर भार देऊ नये, तेथे चोळूही नये. आम्ही स्पिरिट चोळत होतो, तेच चुकत होते. कातडी फुटली तर डॉक्टरांना दाखवावे. जेवताना पाठ उंच करावी आणि नंतर अर्धा तास तशीच ठेवावी, म्हणजे ठसका लागत नाही.

जखम भरायला अडीच महिने लागले. रात्रीच्या पाळ्या मी आणि बायकोने वाटून घेतल्या. त्याआधी सगळी तिच्याच अंगावर होती, हे मला तिची कमर धरल्यावर कळले. खाट आम्ही खिडकीशी नेली. तिथून मायला अंगणातला निंब आणि गोठा दिसायचा. पोळ्याला बैल दारात आणले तेव्हा पाठ उंच करून तिला बसवले. डावा हात कपाळाशी नेऊन तिने बैलांना नमस्कार केला आणि म्हणाली, "आते बरं वाटस."

माय त्यानंतर वर्षभर राहिली. पाठीला पुन्हा जखम झाली नाही. पुढे ती खाट आम्ही विकतच घेतली होती. मायच्या मागे ती गावातल्या तिसऱ्या घरी गेली आहे. नेणाऱ्याला मी भाडे विचारत नाही. रात्री उठायला किती जण आहेत, एवढे मात्र विचारतो.