दोन थडींचा पक्षी

कविसमय शिकविताना चक्रवाकाचे उदाहरण फार सोयीचे पडते. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त नोंदविलेला संकेत वर्गाला सांगावा : चक्रवाक आणि चक्रवाकी दिवसभर एकत्र असतात, रात्र पडताच नदीच्या दोन काठांवर विलग होतात. मग म्हणावे की, सृष्टीत असे घडत नाही. कवींनी ते मान्य केले आहे म्हणून काव्यात घडते. पुढची वाट मळलेली आहे. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात दुष्यंत-शकुंतलेची भेट रंगात आली असता पडद्यामागून चक्रवाकवधूला इशारा मिळतो की, रात्र आली, आता सहचराचा निरोप घे. ‘मेघदूता’तील यक्ष आपल्या विरहिणी पत्नीला सहचरावाचून राहिलेल्या चक्रवाकीची उपमा देतो. उदाहरणे चोख, संकेत स्पष्ट. तास संपण्यापूर्वी चकोराकडे वळता येते. अठरा वर्षे मी अशीच वळत आले.

दोन वर्षांपूर्वी अभ्यागत प्राध्यापिका म्हणून मी दिल्लीस आले. तौलनिक साहित्याच्या त्या वर्गात मणिपूरपासून केरळपर्यंतची मुले होती आणि एक मुलगा लडाखमधल्या चांगथांगचा होता. चक्रवाकाचा तास संपत आला तेव्हा त्याने संकोचत हात वर केला. हा पक्षी घरटे कोठे करतो, ह्याविषयी संस्कृत कवींनी काय लिहिले आहे, असे त्याने विचारले. मला काही आठवेना. तेव्हा तोच म्हणाला की, उन्हाळ्यात आमच्या तळ्याकाठी ह्या पक्ष्यांची जोडपी पिलांना घेऊन चालत असतात. त्यांचा रंग लामांच्या वस्त्रासारखा, म्हणून आजी आम्हांला त्यांच्या दिशेने खडासुद्धा टाकू देत नसे. विरहाचे म्हणाल तर, तो हसून म्हणाला, मी त्यांना एकेकटे कधी पाहिलेच नाही.

त्या प्रश्नाने मी ओशाळले. ह्या पक्ष्याच्या साऱ्या उपमा मला पाठ होत्या. तो अंडी कोठे घालतो हे मात्र ठाऊक नव्हते. ज्याच्या नावावर मी इतकी वर्षे तास घेतले, तो मला केवळ एक शब्द म्हणून परिचित होता.

मग वाचन सुरू झाले. सालिम अलींची पुस्तके, मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’, संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरचा के. एन. दवे ह्यांचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ. पक्षितज्ज्ञ ज्याला ‘टाडोर्ना फेरुजिनिया’ म्हणतात, तोच आपला चक्रवाक अथवा ब्राह्मणी बदक : नारिंगी-तांबूस अंगाचा, फिकट डोक्याचा, उडताना पंखांवरचे पांढरे पट्टे झळकविणारा. विणीच्या काळात नराच्या गळ्यात बारीक काळे कडे उमटते. एरवी नर आणि मादी बहुतांशी सारखीच दिसतात. ऑक्टोबरच्या सुमारास हे पक्षी हिमालयाकडून आणि त्यापलीकडच्या मध्य आशियातून आपल्या नद्यांवर उतरतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. विणीचा सगळा संसार तिकडचा. काव्यात ह्या पक्ष्याला घरटे नाही, अंडी नाहीत, पिले नाहीत, ह्याचे कारण एवढेच की, गंगा-यमुनेच्या काठच्या कवीला ती कधी दिसलीच नसतील.

जानेवारीत आम्ही काही जण धोलपूरजवळ चंबळेच्या काठी गेलो. ‘मेघदूता’त नाव न घेता जिचा उल्लेख आला आहे ती चर्मण्वती हीच. पाणी ओसरून मधोमध वाळूची बेटे उघडी पडली होती आणि त्यांवर चक्रवाक दोन-दोन करून बसले होते. सारा दिवस ते जवळजवळ स्वस्थ होते. उघड्या वाळूवर बसण्यात त्यांचे शहाणपण आहे. कोल्हा किंवा कुत्रा कोठूनही आला तरी दुरून दिसतो. सूर्य कलला तशी हालचाल सुरू झाली. हे पक्षी बरेचसे संधिप्रकाशात आणि रात्री चरतात. धान्य, कोवळे गवत, पाण्यातील किडे, जे मिळेल ते खातात. एक उडून पलीकडच्या उथळ पाण्यात उतरला, दुसरा अलीकडच्या कडेने चालत गेला. मग काळोख झाला. पक्षी दिसेनासे झाले, आणि दोन्ही काठांवरून हाका येऊ लागल्या. ओढलेला, अनुनासिक, काहीसा कातर स्वर. इकडून एक, थोड्या वेळाने तिकडून एक.

मी बराच वेळ तशीच उभी होते. दिवसा डोळ्यांनी पाहिलेले मिथुन आणि रात्री कानांनी ऐकलेल्या दोन काठांवरच्या हाका, एवढीच सामग्री प्राचीन कवीपाशी असली पाहिजे. पक्षितज्ज्ञ सांगतो की, ती चरणाऱ्या जोडीदारांची एकमेकांना दिलेली खूण आहे; मी येथे आहे, तू आहेस ना, एवढाच तिचा अर्थ. कवीने त्या अंधारात विरह ऐकला. मी मात्र ‘सृष्टीत असे घडत नाही’ असे अठरा वर्षे सांगत होते, आणि सांगण्यापूर्वी एकदाही नदीकाठी रात्र पडेपर्यंत थांबले नव्हते.

परतताना भरतपूरला थांबलो. तेथील दलदलीत तलवार बदके आणि थापटे शेकड्यांनी होती, आणि ‘बदक’ ह्या एका शब्दाखाली किती निरनिराळे संसार दडले आहेत हे त्या दिवशी उमगले. तलवार बदकाचा नर शरदात येतो तेव्हा मादीसारखाच मळकट असतो. हिवाळ्यात त्याला ऐट चढते, लांब शेपूट फुटते, आणि येथेच, आपल्या तळ्यांवर, जोड्या जमू लागतात. वसंतात मादी आपल्या जन्मस्थळाच्या मुलखाकडे निघते आणि नर तिच्या मागोमाग जातो. म्हणजे एका अर्थी तो घरजावईच. परंतु मादी अंड्यांवर बसली की हे महाशय निघून जातात. पिलांचे सारे एकटीला करावे लागते आणि पुढल्या हिवाळ्यात जोडी बहुधा नव्याने जमते. उलट, पावसाळ्यात येथेच वीण करणाऱ्या लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी आकाराने मोठी. ती एकापाठोपाठ एक अनेक नरांशी जोडी जमविते, आणि पाण्यावर तरंगत्या पानांवरची अंडी उबविणे, पिले सांभाळणे ही कामे नराची. एकनिष्ठेचे प्रतीक म्हणून कवींनी ह्या दोहोंपैकी कोणाला निवडले असते तर मोठीच फसगत झाली असती. त्यांनी चक्रवाक निवडला, आणि त्यांची नजर चुकली नव्हती, ह्याची साक्ष मला जुलैत मिळाली.

त्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही लडाखला त्सो कार सरोवरावर गेलो. उंची साडेचार हजार मीटरांहून अधिक. झाड नावालाही नाही. खाऱ्या पाण्याच्या कडेने पांढरी क्षारपुटे आणि गोड्या झऱ्यांलगत तेवढी हिरवळ. चक्रवाक येथे कड्यांच्या कपारींत किंवा एखाद्या जनावराने सोडलेल्या बिळात घरटे करतो, कधी पाण्यापासून बरेच दूर. मादी आपल्या अंगाची मऊ पिसे अंथरून साधारण आठ अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे ती एकटीच उबविते. तेवढे दिवस नर मात्र कोठे जात नाही. जवळपास पहारा देत राहतो. पिले बाहेर आली की दोघे मिळून त्यांना पाण्याकडे चालवत नेतात आणि ती उडू लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ आठवडे, दोघेही सोबत असतात. आम्ही पाहिली ती काळी-पांढरी, लोकरीच्या गुंड्यांसारखी सात पिले होती. पुढे मादी, मागे नर, मधे पिलांची माळ. वर डोमकावळा दिसताच नर मान ताठ करून ओरडला. स्वर चंबळेवरचाच होता, फक्त येथे त्यात कातरता जाणवली नाही. घर सांभाळणाऱ्याचा दरडावण्याचा सूर होता. विणीनंतर ह्या पक्ष्यांच्या पंखांतील उडण्याची पिसे एकदमच गळतात आणि सुमारे महिनाभर त्यांना उडता येत नाही. त्या काळात निर्धोक पाणी हाच त्यांचा आधार.

सरोवराकाठी मला अथर्ववेदातील विवाहसूक्त आठवले. त्यात नवदंपतीला चक्रवाकांच्या जोडप्यासारखे एकत्र राखण्याची प्रार्थना इंद्राला केली आहे. म्हणजे परंपरेच्या आरंभी हा पक्षी मीलनाचा आहे. विरहाचा तो नंतर झाला. ही विसंगती मी आजवर प्रतीकाची उत्क्रांती म्हणून शिकविली. आता वाटते, दोन्ही बोलांमागे खरेखुरे पाहणे आणि ऐकणे असावे. दिवसाचे जोडपे एकाने पाहिले, रात्रीच्या हाका दुसऱ्याने ऐकल्या. त्सो कारची पिले मात्र कोणाच्याच वाट्याला आली नाहीत. ती त्या मुलाच्या आजीने पाहिली होती, आणि ती काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

ज्ञानेश्वरीच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी सद्गुरुरूपी सूर्याचे वर्णन आहे. तेथे बुद्धी आणि बोध हे भेदनदीच्या दोन थडींवर विरहाने आक्रंदणारे चक्रवाक होतात आणि त्या सूर्याच्या उदयाने त्यांना सामरस्य लाभते. हा ग्रंथ १२९० साली प्रवरेच्या काठी नेवाश्यास झाला. प्रवरा जेथे गोदावरीला मिळते त्या बाजूस आज जायकवाडीचा नाथसागर पसरला आहे, आणि हिवाळ्यात तेथे चक्रवाक उतरतात. ज्ञानदेवांनी रूपक परंपरेतून घेतले की काठावरून, हे ठरविता येत नाही. पण माझ्यापुरता त्यांचा दृष्टांत नेमका बसला. शब्द एका थडीवर आणि पक्षी दुसऱ्या थडीवर ठेवून मीच मधल्या नदीला शास्त्र म्हणत होते.

ही नदी केवळ वर्गातली असती तर एवढे बोलण्याचे कारण नव्हते. चंबळेच्या ज्या वाळूवर चक्रवाक हिवाळा काढतात, त्याच वाळूवर ते गेल्यानंतर पाणचिरे आणि नदीसुरय अंडी घालतात. उघड्या वाळूत, नुसत्या खळग्यात. वरच्या धरणांमुळे उन्हाळ्यात नदी रोडावली की बेटे काठाला जोडली जातात आणि कुत्री, कोल्हे चालत येऊन अंडी फस्त करतात. पाणी अवेळी सुटले तर घरटी बुडतात. अभयारण्यात बंदी असूनही वाळूचा चोरटा उपसा थांबलेला नाही. वर चांगथांगात वस्त्या, छावण्या आणि पर्यटक ह्यांच्या उष्ट्यावर भटकी कुत्री माजली आहेत. काळ्या मानेच्या क्रौंचाची अंडी-पिले ती खातात, आणि जमिनीलगत संसार मांडणाऱ्या कोणालाच त्यांचे भय चुकत नाही. त्सो कारला २०२० साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ म्हणून मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु एक थडी राखून हा पक्षी राहणार नाही. खालची वाळू गेली तर वरच्या कपारी ओस पडतील, आणि वरचे तळे बिघडले तर आपल्या नदीवरून रात्री हाक येणार नाही. कविसमय तेव्हाही शिकविता येईल. फक्त तो असत्यावर आधारलेला आहे हे माझे जुने विधान तेव्हा खरे ठरेल.

ह्या सत्रात चक्रवाकाचा तास पुन्हा आला. आरंभी मी राजशेखराचे नाव घेतले नाही. तो लडाखी विद्यार्थी आता संशोधन करतो. त्याला मी वर्गात बोलावले आणि आजीच्या तळ्याविषयी बोलण्यास सांगितले. तो बोलत असता मी मागच्या बाकावर बसून टिपणे घेत होते. तास संपला तेव्हा चकोर राहून गेला होता.