बर्लिओझच्या घरीं

फ्रान्सच्या आग्नेय भागांत, ल्यों आणि ग्रनोबल ह्या दोन शहरांच्या दरम्यान, ला कोत सेंतांद्रे नांवाचें एक टुमदार गांव आहे. टेकडीच्या उतरणीवर वसलेल्या ह्या गांवासमोर विस्तीर्ण मैदान पसरलेलें असून पलीकडे दूरवर आल्प्स पर्वत आहे. विख्यात संगीतकार हेक्टर बर्लिओझ ह्याचा जन्म ११ डिसेंबर १८०३ रोजीं येथेंच झाला. त्याचें पितृगृह १९३५ पासून वस्तुसंग्रहालय म्हणून जपलेलें आहे. आम्ही गेलों होतों संगीतकाराचें घर पाहावयास. परंतु आमचें मन गुंतलें तें त्याच्या वडिलांच्या ठायीं.

डॉक्टर लुई बर्लिओझ हे गांवांतील मान्यवर वैद्य. मुलाला लॅटिन त्यांनींच घरीं शिकविलें. व्हर्जिलच्या महाकाव्यांतील डिडो राणीच्या अंताचा प्रसंग वाचतांना एकदां मुलाचा कंठ दाटून आला. वडिलांनीं तें ओळखलें; पण कांहींच न पाहिल्यासारखें करून, आपण थकलों अशी सबब सांगून त्यांनीं पाठ आटोपता घेतला. खणांत सांपडलेली जुनी बांसरी वाजवावयासही त्यांनींच शिकविलें. मात्र मुलानें वैद्यच व्हावें हा त्यांचा निश्चय. अस्थिशास्त्राचा भला थोरला सचित्र ग्रंथ पुढें ठेवून ते म्हणाले, कीं हा अभ्यास मन लावून केलास, तर ल्योंहून उत्तम नवी बांसरी मागवून देतों! बांसरीच्या आमिषानें गवयाचा वैद्य करूं पाहणारा हा बाप आम्हांस फार ओळखीचा वाटला.

१८२१ मध्यें हेक्टर वैद्यकासाठीं पॅरिसला गेला आणि शवविच्छेदनाची खोली पाहतांच खिडकींतून उडी टाकून पळाला! १८२४ मध्यें त्यानें तें शिक्षण सोडलें. आईनें शाप दिला. वडिलांनीं वेळोवेळीं पैसे बंद केले. पुढें १८३० मध्यें 'सिंफोनी फान्तास्तिक' ह्या रचनेनें त्याचें नांव झालें. १८३७ मध्यें पॅरिसच्या अँव्हालिद येथील देवालयांत मृतांच्या शांत्यर्थ रचलेलें त्याचें महासंगीत चार कोपऱ्यांतील चार तुतारीवाद्यांच्या ताफ्यांसह दुमदुमलें. त्याची कीर्ति गांवीं पोंचली. तें एकदां ऐकावें, मग सुखानें डोळे मिटावे, अशी इच्छा वृद्ध डॉक्टरांनीं बोलून दाखविली. ती पुरी झाली नाहीं. १८४८ मध्यें ते वारले. आपल्या कृतींतील एक तुकडाही वडिलांच्या कानीं पडला नाहीं, ही खंत बर्लिओझनें आत्मचरित्रांत नमूद केली आहे.

त्यानंतर दहा वर्षांनीं, १८५८ मध्यें, त्यानें आपलें सर्वांत भव्य संगीतनाटक 'ले त्रॉयँ' पुरें केलें. त्याचें कथानक व्हर्जिलचें, आणि नायिका तीच डिडो! तेंही त्यास पुरतें पाहावयास मिळालें नाहीं. १८६३ मध्यें केवळ उत्तरार्ध रंगभूमीवर आला. १८६९ मध्यें बर्लिओझ निवर्तला.

आतां दर उन्हाळ्यांत ह्या गांवीं त्याच्या नांवाचा संगीतोत्सव भरतो. शिक्षणाच्या खोलींत वडिलांनीं मिटलेलें पुस्तक मुलानें चाळीस वर्षांनीं पुन्हां उघडलें, तें ऐकावयास वडील मात्र उरले नव्हते. आपल्या मुलांचें गाणें वेळींच ऐकावें, एवढेंच मनांत घेऊन आम्हीं त्या घराचा उंबरठा ओलांडला.