झिजलेली पाती

जुनी विळी हाती आली की मी आधी तिचं पातं किती उरलंय ते पाहतो. नवं पातं चांगलं रुंद असतं. वर्षानुवर्षं धार लावून लावून ते पोटाशी खोलगट होत जातं आणि शेवटी खवणीखाली चंद्रकोरीएवढी पट्टी उरते. सुरी भाजीवर चालते; विळीचं उलटं. पातं जागचं हलत नाही, भाजीच त्याच्याकडे येते. म्हणून झीज जिथे सर्वांत जास्त, तिथे त्या घरातल्या बाईचा हात रोज चालत होता. तिचं नावगाव कळत नाही, पण ती पाटावर कशी बसायची, पुढे किती झुकायची, याचा अंदाज त्या खोलगट जागेवरून बांधता येतो.

या वाचनाच्या ओढीनं मी पाती जमवू लागलो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी गंजक्या ढिगांतून ती सापडतात. चांभाराची रापी, न्हाव्याचा वस्तरा, कोकणात कंबरेच्या आकडीला अडकवायची कोयती, ऊसतोडीचा रुंद कोयता. फडात नवराबायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ मोजतात आणि त्या हिशेबानं उचल ठरते, हे ठाऊक झाल्यापासून तो कोयता हातात घेताना मी नेहमी थबकतो. पुण्याच्याच राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं सुरेख दालन आहे. त्यांची घडण पाहत मी कितीतरी वेळ उभा राहिलोय. पण माझा जीव गुंततो तो साध्या, झिजलेल्या पात्यांत.

पोलाद धार धरतं म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न हळूहळू मागे लागला. तो फार मोठ्या माणसांनाही पडला होता. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी इथल्या ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. १८२०च्या सुमारास मायकेल फॅरडे आणि धारदार हत्यारं घडवणारे जेम्स स्टोडार्ट यांनी तसं पोलाद प्रयोगशाळेत बनवायचा चंग बांधला. फॅरडे हे लोहाराचे पुत्र. पाहून, तोडून, तपासून जे उमगत नाही ते घडवताना उमगेल, हा त्यांचा भरवसा मला फार जवळचा वाटतो. त्याच भरवशावर मी घरी सुरी करायला बसलो.

त्यासाठी जुनी कानस घेतली. कानशीच्या पोलादात साधारण एक टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो; सुरीला तो उत्तम. आधी ती लालबुंद तापवून रात्रभर राखेत पुरली. सावकाश निवाली की ती इतकी मऊ पडते की दुसऱ्या कानशीनं घासता येते. मग घासणं. आखलेल्या रेघेपर्यंत पोचायला संध्याकाळमागून संध्याकाळ गेली. पाठीची जाडी टोकाकडे उतरत नेली, मुठीच्या खिळ्यांसाठी भोकं पाडली. धार मात्र मुद्दाम जाड ठेवली, कारण अगदी पातळ कड पाणी देताना तडकते किंवा वाकते.

पाणी देण्याचा क्षण सगळ्यात मोलाचा. अंगणात विटांची भट्टी, लोणारी कोळसा, वारा घालायला केस वाळवायचं यंत्र, शेजारी वाळूची बादली. दिवस मावळल्यावर भट्टी पेटवली, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात फसवतो. लोहारही रंग पारखतो तो सावलीत. पात्याला लोहचुंबक लावून पाहत होतो. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं. त्याच्या जरासं पुढे, सारख्या केशरी रंगावर, पातं कोमट शेंगदाणा तेलात सरळ उतरवलं. तेल चरचरलं, धूर उठला. त्या काही क्षणांत कार्बनचे अणू लोखंडाच्या जाळीत जिथल्या तिथे अडकतात आणि पातं कडक होतं. त्यावर कानस टेकवली तर ती नुसती घसरली.

एवढं कडक पातं खाली पडलं तर फुटेल. म्हणून ते घासून चकचकीत केलं आणि ओव्हनमध्ये २०० अंशांना दोनदा शेकलं. पृष्ठभागावर वाळल्या गवताचा फिका पिवळा रंग आला. थोडा कडकपणा गेला, चिवटपणा आला. मग शिसवीची मूठ पितळी खिळ्यांनी बसवली आणि दगडावर धार काढली.

त्यानंतर माझा संग्रहच मला नव्यानं दिसू लागला. एका कोयत्यात मऊ लोखंडाच्या अंगाला फक्त धारेपुरती पोलादाची पट्टी जोडलेली आहे, हे मी इतकी वर्षं पाहत होतो. त्यामागचा हिशेब आता कळला. पोलाद महाग, म्हणून लोहारानं ते लागेल तेवढंच घातलं. त्या पट्टीत त्यानं गिऱ्हाइकाला किती वर्षांची धार दिली, तेही मोजून. म्हणजे झीज ही घडणाऱ्यानं आधीच धरलेली गोष्ट होती. पातं झिजणार आहे हे ओळखूनच त्यानं ते घडवलं होतं.

माझी सुरी आता रोज स्वयंपाकघरात असते. कैरी चिरून पात्यावर करडी-काळी झाक चढली आहे. लिंबू कापलं की लगेच पुसावं लागतं. धार लावताना दगडावर जो काळा गाळ उतरतो, तो तिचाच अंश असतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. जुन्या पात्यांबाबतही माझा नियम ठरला आहे. जी झिजून संपली, त्यांना तेल लावून जपायचं; त्यांचं काम पुरं झालंय. ज्यांच्यात पोलाद शिल्लक आहे, त्यांना मूठ बसवून, धार लावून पुन्हा कामाला लावायचं. लोहारानं दिलेली उरलेली वर्षं कपाटात कोंडून ठेवायचा अधिकार मला नाही.