पॉइंटांचा हिशेब

अम्मीला उमऱ्याला पाठवायचं म्हणून तीन वर्षं घरचा किराणा, वीजबिल, मुलांची फी, सगळं मी क्रेडिट कार्डावर भरत आले. 24,000 पॉइंट जमले. बँकेच्या यादीत 18,000 पॉइंटांना एक मिक्सर होता. तोच आमच्या नाक्यावर 2,700 रुपयांना मिळतो. म्हणजे पॉइंटला पडले 15 पैसे! विमानाच्या तिकिटावर तोच पॉइंट 50 पैशांना चालत होता. घरात सगळ्यांना मिक्सर हवा होता. मी अडून बसले.

पण रमजानात चुकले. बिल आलं 40,000 चं आणि घाईगडबडीत मी ‘मिनिमम ड्यू’ म्हणून लिहिलेले 2,000 तेवढे भरले. वाटलं, झालं काम. पुढच्या बिलात महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज, तेही खरेदीच्या दिवसापासून, वर 18 टक्के जीएसटी. दीड हजाराच्या वर गेलं. त्या खरेदीचे पॉइंट किती? 800. तिकिटावर लावले तरी चारशे रुपये.

पैशांपेक्षा दुसरंच टोचलं. अब्बांनी आयुष्यभर सुदाला हात लावला नाही, आणि मी उमऱ्याच्या नावानं सूद भरला. कार्ड वापरावं की नाही, यावर उलेमांचंही एकमत नाही. अम्मीला सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना. शेवटी सांगितलं.

“तिकीट राहू दे बेटा, आधी बिल फेड,” एवढंच ती म्हणाली.

त्याच दुपारी फेडलं. आता पूर्ण बिल तारखेआधी खात्यातून आपोआप जातं. तिकिटाचे 12,000 पॉइंटांतून सुटतील, बाकीचे रोख जमवतेय.