फुग्याला जागा

मागच्या दिवाळीत भाचीने शाळेच्या हस्तलिखितासाठी चित्रकथा करायचं ठरवलं. "मामा, गोष्ट माझी, चित्रं तू काढ," म्हणाली. गोष्ट साधी होती: रोज खिडकीत येणारा कावळा आजीची पोळी पळवतो. एक पान, सहा चौकटी. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि अमर चित्रकथेतला कृष्ण गिरवून गिरवूनच माझा हात वळला होता. एका संध्याकाळी चित्रं पुरी केली, शाई फिरवली आणि मग संवादांचे फुगे काढायला बसलो.

तिथेच गाडी अडली. पहिल्या चौकटीत आजी उजवीकडे होती, नात डावीकडे. प्रश्न आजीचा, उत्तर नातीचं. भाचीने पान मोठ्याने वाचलं तर उत्तर आधी आलं, प्रश्न मागून. पुढच्या चौकटीत फुग्याला जागाच उरली नव्हती. तो कावळ्याच्या चोचीवर चढला आणि पोळी झाकली गेली.

रात्री ट्रंकेतून जुना 'कृष्ण' काढला. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्रकथेतला हा गाजलेला अंक, चित्रं राम वाईरकरांची. इतकी वर्षं मी त्यातली रेषा बघत आलो होतो. त्या रात्री पहिल्यांदा मोकळी जागा बघितली. फुगे चित्रावर चिकटवलेले नव्हते. त्यांची जागा धरूनच चित्र मांडलेलं होतं. नजर आधी कुणाकडे जाईल, मग कुठे वळेल, हे चित्रकाराने आधीच ठरवलेलं होतं. आणि दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत जे घडतं, ते वाचणाऱ्यावर सोडलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पान नव्याने आखलं. आधी पेन्सिलीने शब्द, मग फुगे, मग माणसं. चौथ्या चौकटीत ताटात पोळी, पाचव्या चौकटीत नुसतं रिकामं ताट. पोळी पळवणारा कावळा काढलाच नाही. भाचीने वाचलं, रिकाम्या ताटापाशी थांबली आणि मान वर करून आमच्या खिडकीकडे बघितलं.

चित्र आणि शब्द एकत्र वाचणं हेही वाचनच आहे. म्हणून मुलांच्या हातातलं कॉमिक काढून घेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा आणि दोन चौकटींच्या मध्ये काय झालं, ते त्यांना विचारा.